शिशाच्या ओतीव गोळ्या आणि .45-70: तीन गोळ्यांच्या ग्रुपवर कितपत विसंबावे?

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार. मी कोलोरॅडोत राहतो आणि इथल्या एका क्लबात जुन्या रायफली चालवणाऱ्यांच्या गटात आहे. माझी रायफल स्प्रिंगफील्डची, 1884 च्या मॉडेलची 'ट्रॅपडोर' आहे. ज्यांना ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नळीच्या मागचे झाकण बिजागरीवर वर उचलायचे, एकच काडतूस आत सरकवायचे, झाकण पाडायचे आणि बार काढायचा. काडतूस .45-70, म्हणजे अमेरिकी लष्कराने 1873 साली स्वीकारलेले. नावातला पहिला आकडा गोळीच्या व्यासाचा आणि दुसरा काळ्या दारूच्या वजनाचा, 70 ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचे लहान माप). मूळची गोळी 405 ग्रेनची होती आणि मीही त्याच वजनाची गोळी घरी ओततो. मिश्रण वीस भाग शिसे आणि एक भाग कथील.

सध्या माझ्याकडे दोन लोड (काडतूस भरण्याच्या दोन कृती) आहेत, त्यांना अ आणि ब म्हणू. दोन्हींत गोळी, पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि गोळीला लावायची चरबी सारखीच आहे, फक्त बिनधुराची दारू वेगवेगळी आहे. दोन्हींचे प्रमाण छापील पुस्तिकेतल्या ट्रॅपडोरसाठीच्या तक्त्यातून घेतले आहे. 100 यार्डांवर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून तीन-तीन गोळ्या झाडल्या, तेव्हा अ चा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, 1.7 इंच आला आणि ब चा 3.1 इंच. क्लबातले बहुतेक जण म्हणतात की ब सोडून द्या. एवढ्यावर निकाल लावणे योग्य आहे का, आणि नसेल तर चाचणी कशी करावी, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

संपादक मंडळ

चर्चा सुरू होण्यापूर्वी दोन सूचना. दारूची वजने या धाग्यावर कोणीही लिहू नयेत. एक आकडा चुकीचा टंकला गेला तर दुसऱ्याची बोटे किंवा डोळे जाऊ शकतात. दुसरे असे की भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 चा भंग ठरतो. तेव्हा भारतातल्या वाचकांनी हा धागा केवळ माहिती म्हणून वाचावा.

शिसेओत्या

सूचनेला अनुमोदन. पुस्तिकेत .45-70 चे सहसा तीन तक्ते असतात: ट्रॅपडोरचा, मार्लिनसारख्या लिव्हर रायफलींचा आणि रुगर नंबर वनसारख्या भक्कम आधुनिक रायफलींचा. तिसऱ्या तक्त्यातला लोड पहिल्या रायफलीत भरला तर ग्रुप मोजायला माणूस उरेलच असे नाही. धागाकर्त्यांनी पहिला तक्ता धरला आहे, हे वाचून बरे वाटले.

आता गोळीबद्दल विचारतो. नळीत मऊ शिशाचा गोळा ठोकून आतल्या खोबणीचा व्यास मोजला आहे का? जुन्या ट्रॅपडोरच्या नळ्या सगळ्या सारख्या नसतात, बाजारातली .458 ची गोळी काहींत सैल बसते आणि मागचा तप्त वायू तिच्या कडेने निसटून शिसे वितळवत पुढे जातो. गोळी खोबणीपेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांश भागांनी मोठी हवी. हे जमले नसेल तर कोणतीही दारू वापरा, ग्रुप रायफलीचा नसून गळतीचा असेल.

माळरान (धागाकर्ता)

मोजला आहे. खोबणी .459 ची निघाली, म्हणून गोळी .460 ची ठेवली आहे. झाडल्यावर नळीत शिशाचे ओघळ दिसत नाहीत. अ नंतर अगदी स्वच्छ, ब नंतर तोंडापाशी थोडी राखाडी झाक.

आकडेमोड

मला बंदुकीतले फारसे कळत नाही, पण पुण्यात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे मूळ प्रश्नाचे उत्तर देण्याचे धाडस करतो.

ग्रुपचे माप म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतले अंतर. हे माप दोनच छिद्रांवर ठरते, उरलेली छिद्रे फक्त साक्षीला असतात. गोळ्या वाढवल्या की ते वाढणारच. एकाच लोडच्या तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी आणि दहा गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी यांत साधारण एकास दीडपटीहून थोडे अधिक असे प्रमाण असते. म्हणजे तुमचा 1.7 इंच हा आकडा प्रातिनिधिक धरला, तरी दहा गोळ्या झाडल्यावर सुमारे 2.7 इंचांची अपेक्षा ठेवावी लागेल.

याहून महत्त्वाचे म्हणजे तीन गोळ्यांचे ग्रुप आपसांतच फार डळमळतात. लोडमध्ये कणाचाही फरक नसताना त्यांचे प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचे मागेपुढे होणे, सरासरीच्या सदतीस टक्क्यांच्या आसपास असते. पाच गोळ्यांच्या ग्रुपचे सत्तावीसच्या आसपास. त्यामुळे अ आणि ब हे दोन्ही एकच लोड असते आणि तुम्ही नुसती चिठ्ठी बदलली असती, तरी 1.7 आणि 3.1 एवढी तफावत दर तीन-चार जोड्यांमागे एकदा सहज दिसली असती. क्लबातल्या मंडळींनी ब ला फाशी दिली आहे ती जवळजवळ नाणेफेकीवर.

जुना_शिकारी

आकडेमोड साहेब, तुमचा हिशेब कागदावर बिनचूक असेल, परंतु बंदुकीला कागद वाचता येत नाही. मी नेव्हाडात चाळीस वर्षे राहतो, आणि चांगला लोड पहिल्या तीन गोळ्यांतच स्वतःची ओळख सांगतो असा माझा अनुभव आहे. रोलंडचा ग्रुप कुणाला आठवतो का? याच कोलोरॅडोतल्या बोल्डरचे सी. डब्ल्यू. रोलंड यांनी 1901 मध्ये हॅरी पोप यांनी घडवलेल्या नळीतून, .32-40 काडतुसात, शिशाच्या गोळ्यांनी 200 यार्डांवर दहा गोळ्यांचा 0.725 इंचाचा ग्रुप नोंदवला. त्यांनी कोणते प्रमाणित विचलन काढले होते?

आकडेमोड

काका, रोलंड यांनी दहा गोळ्या झाडल्या होत्या, तीन नव्हे. तेव्हा हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. शिवाय तो ग्रुप आज सव्वाशे वर्षांनीही आठवतो, कारण त्यांच्या इतर ग्रुपमध्ये तो उठून दिसला. रोज तसाच येत असता तर तारीख कोण लक्षात ठेवता? विक्रमाचा ग्रुप हा त्या नळीच्या सामर्थ्याचा पुरावा जरूर आहे, पण दोन लोडांतून एक निवडायचा असेल तेव्हा सरासरीच कामाला येते.

जुना_शिकारी

मान्य करतो, पण अर्धेच.

सोनारआळी

या वादात एक निरुपद्रवी भर. तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन. म्हणजे 405 ग्रेनची गोळी अगदी नेमकी सव्वादोन तोळ्यांची झाली. आमच्या पेढीवर एवढ्या वजनाचे वळे एकेका नळीतून उडवणारे गिऱ्हाईक आले असते तर आम्ही त्याला खुर्ची दिली असती. एक गंभीर प्रश्नही आहे: ओतलेल्या गोळ्यांच्या वजनात किती फरक चालतो?

शिसेओत्या

हजारात दोन भाग, म्हणजे सुमारे एक ग्रेन, इकडे-तिकडे झाला तर 100 यार्डांवर तो शोधूनही सापडत नाही. त्यापेक्षा हलकी गोळी आली तर आत हवेची पोकळी असते, आणि ती पोकळी मध्यावर नसेल तर गोळी फिरताना डगमगते. म्हणून मी वजनापेक्षा आधी बूड पाहतो. गोळी साच्यातून पडल्यावर बुडाची कड चाकूसारखी तीक्ष्ण हवी. कड गोलसर असेल तर गोळी परत भांड्यात. नळीच्या तोंडातून बाहेर पडताना वायू बुडाच्या एका बाजूने आधी सुटला, तर तो गोळीला तिरका धक्का देतो. नाकावरचा ओरखडा मी माफ करतो, बुडावरचा कधीच नाही.

ओतताना साचा गार असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात आणि फार तापला तर ती दहिवर पडल्यासारखी पांढुरकी दिसते. पांढुरकी गोळी व्यासाला बरोबर असेल तर खुशाल वापरावी. भांड्यावरचे कीट काढण्याआधी मेणाचा लहानसा तुकडा टाकून पळीने नीट ढवळावे. पृष्ठभागावरच्या कथलाचे आधी ऑक्साइड होते आणि नवखे लोक तेच कीट समजून टाकून देतात, मग मिश्रण हळूहळू नुसते शिसे उरते. हे काम उघड्या हवेत करावे, जवळ पाण्याचा थेंबही नसावा आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला लावू नयेत.

खिळेजुळाऱ्याचा_मुलगा

वडिलांचा छापखाना होता, त्यामुळे शिशाची ही चर्चा वाचून राहवले नाही. लायनोटाइपच्या, म्हणजे छपाईच्या ओळी ओतायच्या, धातूत सुमारे 84 टक्के शिसे, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असते. तो साच्याचा कोपरान् कोपरा भरतो आणि गोळी काचेसारखी टणक निघते. धागाकर्त्यांनी कथलावर पैसे घालण्यापेक्षा बंद पडलेल्या छापखान्यांतला हा धातू का वापरू नये?

शिसेओत्या

आपल्या वडिलांच्या धातूचा पूर्ण आदर राखून सांगतो, ट्रॅपडोरसाठी तो नको. त्याची ब्रिनेल कठिणता (धातूच्या टणकपणाचे माप) 22 च्या घरात जाते, वीसास एक मिश्रणाची जेमतेम 10 असते. ट्रॅपडोरचा दाब इतका कमी असतो की टणक गोळी मागून फुगून खोबणीत घट्ट बसत नाही. वायू कडेने निसटतो आणि गंमत अशी की टणक गोळीच नळीत जास्त शिसे सोडते. वेगवान .30 काडतुसात, गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी लावून, हाच धातू उत्तम चालतो.

कोल्हापुरी_नेमबाज

मी .22 प्रोनची, म्हणजे पालथे पडून नेमबाजीची, खेळाडू आहे. आमच्या खेळात हाताने भरणे नसते, कारण .22 ची काडतुसे कारखान्यातूनच येतात. पण नेमका हाच प्रश्न आम्हाला काडतुसांचा लॉट (एकत्र बनलेली खेप) निवडताना पडतो. एकाच कंपनीची, एकाच नावाची, पण वेगवेगळ्या लॉटची काडतुसे एकाच नळीतून वेगळी चालतात. म्हणून एली आणि लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत रायफल शिकंज्यात पकडून 50 मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप घेतात आणि मगच लॉट विकत घेतला जातो. आमच्या निशाणातले दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते, त्यामुळे तीन गोळ्यांवर निर्णय घेणारा खेळाडू मी पाहिलेला नाही. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसळे यांच्या गावाकडच्या पोरांना एवढे तरी ठाऊक असते!

एक गोष्ट सुचवते. आधी अ च्या सगळ्या गोळ्या आणि मग ब च्या सगळ्या, असे झाडू नका. सकाळी वारा पडलेला असतो, दुपारी उठतो, नळी तापते, खांदा दुखायला लागतो; या सगळ्याचा भुर्दंड दुसऱ्या लोडला बसतो. दोन निशाणे शेजारी लावा आणि एक गोळी इकडे, एक तिकडे अशी आलटून पालटून झाडा.

जुना_शिकारी

बाईंचे म्हणणे शंभर टक्के पटले. फक्त चरबी दोन्ही लोडांत एकच आहे म्हणून हे जमते. चरबी वेगळी असती तर एकीचा थर नळीत असताना दुसरीची गोळी गेली असती आणि दोघींची परीक्षा बिघडली असती. स्वच्छ पुसलेल्या नळीतून पहिल्या दोन-तीन गोळ्या मातीत जाऊ द्याव्यात, त्या मोजू नयेत. हे मात्र आधी ठरवावे. गोळी लांब गेल्यावर 'ती नळी गरम करायची होती' असे म्हणू नये.

आकडेमोड

काका, हे वाक्य मी वर्गात वापरणार आहे.

उतारवय

एका गोष्टीकडे कोणी वळलेले दिसत नाही. मूळच्या उघड्या माशीवर (नेम धरायच्या खुणेवर) पन्नाशीनंतरच्या डोळ्यांनी 100 यार्डांवर नेमाचीच दोन इंचांची चूक होते. लोडचा स्वतःचा फैलाव दोन इंच असेल, तर दोन्ही मिळून चार नव्हे, पावणेतीन-तीन इंच होतो, कारण हे फैलाव वर्गांच्या बेरजेने जुळतात. याचा अर्थ असा की लोड निम्म्याने सुधारला तरी कागदावर फार फरक दिसणार नाही. 1884 च्या मॉडेलवर बफिंग्टनची मागची साइट असते, तिच्यातले बारीक भोक वापरावे. काळे निशाणही पुढच्या माशीच्या रुंदीला शोभेल एवढे मोठे घ्यावे.

वारकरी_टेक्सास

माझ्या मते 100 यार्ड हे अंतरच या काडतुसाला फसवे आहे. 405 ग्रेनची गोळी सुमारे 1,200 ते 1,300 फूट प्रतिसेकंद वेगाने निघते; 200 यार्डांवर ती चार-साडेचार फूट खाली आलेली असते. वेगात 20 फुटांचा फरक पडला तर 100 यार्डांवर ते अर्ध्या इंचाच्या आत लपते, पण 200 यार्डांवर दीड इंच उभे दिसते. वाऱ्याचेही तसेच: ताशी एका मैलाचा आडवा वारा बदलला तर 200 यार्डांवर गोळी जवळपास इंचभर सरकते. कोलोरॅडोच्या विरळ हवेत थोडे कमी असेल. म्हणून ग्रुप किती मोठा आहे, यापेक्षा तो उभा आहे की आडवा, हे आधी पाहा. आडवा असेल तर वारा आणि नेमबाज, उभा असेल तर काडतूस.

त्यावरून विचारतो: .45-70 ची पुंगळी 70 ग्रेन काळ्या दारूसाठी बनलेली आहे. बिनधुराची दारू तिच्यात थोडीच लागते आणि उरलेली जागा रिकामी राहते. बार काढण्याआधी दारू पुंगळीत पुढे पडली आहे की प्रायमरपाशी, यावर काही दारूंचा वेग बराच बदलतो. माळरान, तुम्ही रायफल उचलताना नळी वर करता की खाली?

शिसेओत्या

हा प्रश्न सर्वांत नेमका आहे. जाता जाता एक इशारा देतो: याच रिकाम्या जागेमुळे पुंगळीत चुकून दुप्पट दारू पडली तरी ती मावते आणि बाहेरून कळत नाही. गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या फळीवर उभ्या करून विजेरीने प्रत्येकीत डोकवावे. या कामात मी फोनही जवळ ठेवत नाही.

माळरान (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. नळी वर की खाली, याकडे मी आजवर लक्ष दिले नव्हते. काडतूस घातल्यावर रायफल जशी पिशवीवर येईल तशी येत होती. पुढच्या दोन शनिवारी वरच्या सूचना घेऊन बसतो आणि मग लिहितो.

खिळेजुळाऱ्याचा_मुलगा

तोवर एक गंमत म्हणून: चाचणीच्या बाबतीत वादाला सीमा नसते हे 1874 च्या क्रीडमूरच्या सामन्यातही दिसले होते. आयर्लंडचे नेमबाज तोंडाकडून ठासायच्या रिग्बी रायफली घेऊन आले, अमेरिकी संघाकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स होत्या. 800, 900 आणि 1,000 यार्डांवरून झाडून अमेरिकेचे 934 आणि आयर्लंडचे 931 गुण झाले. आयरिश संघातल्या मिल्नर यांची एक गोळी चुकून दुसऱ्याच निशाणावर गेली आणि शून्य गुण मिळाले. मागून भरायची रायफल श्रेष्ठ की मिल्नर यांचे दुर्दैव थोर, यावर आकडेमोड साहेबांनी बोलू नये, नाहीतर धागा दोन शतके चालेल.

आकडेमोड

बोलत नाही. पण तीन गुणांवर मी रायफल विकत घेतली नसती.

माळरान (धागाकर्ता)

अहवाल देतो. 100 यार्डांवर दोन निशाणे शेजारी लावून, आलटून पालटून, पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घेतले. एकही गोळी गाळली नाही. अ ची सरासरी 2.6 इंच आणि ब ची 2.9 इंच आली. म्हणजे सुरुवातीची ती जवळजवळ दुपटीची तफावत कुठल्या कुठे गेली.

नंतर 200 यार्डांवर गेलो. आडव्या अंगाने दोन्ही लोड सारखेच, पण ब चे ग्रुप स्पष्ट उभे होते. तिथे टेक्सासच्या मित्रांचा प्रश्न आठवून क्लबचा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) लावला. ब च्या बाबतीत प्रत्येक बारापूर्वी नळी आकाशाकडे करून हळूच खाली आणली तर एक वेग, जमिनीकडे करून वर आणली तर सुमारे 60 फुटांनी कमी. अ मध्ये हाच फरक 15 फुटांच्या आसपास. ब चे बार पुन्हा, प्रत्येक वेळी नळी वर करून, काढले तेव्हा उभेपणा बराच ओसरला आणि ग्रुप अ च्या जवळ आला. नळीच्या तोंडापाशी दिसणारी ती राखाडी झाकही कमी वेगाच्या बारांनंतरच जास्त होती. कमी दाबात गोळी नीट फुगत नसावी असा माझा तर्क आहे.

वारकरी_टेक्सास

60 फूट म्हणजे 200 यार्डांवर चार-साडेचार इंच. तुमचा उभा फैलाव तिथूनच आला. तर्क पटण्याजोगा आहे.

आकडेमोड

अभिनंदन, परंतु सरासरी दिली आणि संख्या दिली नाही, याबद्दल एक गुण कापतो. प्रत्येकी किती ग्रुप?

माळरान (धागाकर्ता)

प्रत्येकी सहा.

आकडेमोड

मग 100 यार्डांवरचा 2.6 आणि 2.9 हा फरक अजून योगायोगाच्या पलीकडे गेलेला नाही. सहा-सहा ग्रुपांच्या सरासऱ्यांमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंतची तफावत नेहमीचीच समजावी. क्रोनोग्राफचा निष्कर्ष मात्र ठाम आहे. निवड त्यावर करा.

जुना_शिकारी

जंगलात सांबराएवढे हरीण समोर उभे असताना कोण नळी आकाशाकडे करून नमस्कार करत बसणार? शिकारीला अ घ्या. तीन गोळ्यांनी जे सांगितले तेच शेवटी निघाले, एवढे मला म्हणू द्या.

कोल्हापुरी_नेमबाज

निघाले ते खरे, काका, पण कारण वेगळे होते. ब नळी वर करून चांगला चालतो, तेव्हा टेबलावरून निशाणाला तोही ठेवता येईल.

माळरान (धागाकर्ता)

अ ठेवला आहे. ब ची उरलेली काडतुसे टेबलावरच संपवीन, आणि पुढच्या वेळी त्याच दारूवर 500 ग्रेनची गोळी बसवून पाहण्याचा विचार आहे. त्या वजनासाठीचा ट्रॅपडोरचा तक्ता पुस्तिकेत आहे. नळीतले 22 इंचांत एक फेरा घेणारे पेचदार आटे एवढ्या लांब गोळीला स्थिर ठेवतील का?

वारकरी_टेक्सास

ग्रीनहिलच्या सूत्राने, व्यासाचा वर्ग गुणिले 150 भागिले फेऱ्याची लांबी, 1.43 इंचांपर्यंतची गोळी चालावी. आपली गोळी कॅलिपरने मोजा. त्याहून आखूड भरली तर अडचण नाही. लष्करानेही पुढे याच आट्यांतून 500 ग्रेनचीच गोळी वापरली होती.